किटलीची तोटी

१२ ऑक्टोबर, शेउंग वान

चिंग,

बाटली पोचली. याऊने कपड्यांच्या मधोमध, तुझ्या दोन लोकरी मोज्यांत कोंबून आणली. मोजे परत पाठवत नाही, इथं मला होतील. विमानात लोकांना जेवण वाढणाऱ्या माणसाला निरोप्याचं काम लावायचं तुला बरं सुचलं. सात वर्षं माझा नंबर ब्लॉक करून ठेवलायस, वाढदिवसाला पाठवलेलं पत्र न उघडता परत आलं, आणि आता ही चार ओळींची चिठ्ठी! त्यात ‘कशी आहेस’सुद्धा नाही.

तुझ्याच चार ओळी तुलाच वाचून दाखवते, म्हणजे नंतर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणायला नको. ‘ताई, ही बाटली महिन्यातल्या पहिल्या गुरुवारच्या जेवणात ठेव. फॉइल गुंडाळून, कुणाची ते न सांगता. बाबांनी ओळखली तर मी घरी येईन. नाही ओळखली तर त्यांच्या लेखी मी नाहीच असं समजेन आणि पुन्हा विचारणार नाही.’

अगं, वाइन आहे ती. बापाची परीक्षा घ्यायचं यंत्र नव्हे.

बाटली मी बघितल्याबरोबर ओळखली. पोर्तुगीज, दाओं भागातली, तुझ्या जन्मसालची. तू अठरा वर्षांची झालीस तेव्हा बाबा आपल्याला मकावला घेऊन गेले होते, तिथं त्या बहिऱ्या पोर्तुगीज म्हाताऱ्याच्या दुकानात तीन मिळाल्या होत्या. एक आपण तिघांनी धक्क्यावर बसून कागदी कपांतून प्यायली. बाबा म्हणाले, हिला तुमच्या आईच्या डब्यातल्या वाळवलेल्या संत्रासालीचा वास आहे, मेल्यावरसुद्धा ओळखीन. उरलेल्या दोन तुझ्या. ते वाक्य तू इतकी वर्षं धरून बसली असशील असं मला वाटलं नव्हतं.

माझं ऐक. इतक्या जुन्या बाटलीचं बूच कुजलेलं असतं. आतली वाइन व्हिनेगर झालेली असली तर बाबांचा काय दोष? दुसरं म्हणजे, नोव्हेंबरचं जेवण सगळं ठरून गेलंय. सहा बाटल्या, सहा पदार्थ. वकील पून पांढरी आणणार, ती वाफवलेल्या माशाबरोबर. यिकबाईंची लाल भाजलेल्या कबुतराबरोबर. सातवी आली की हॉटेलच्या तामकाकांना आचाऱ्याकडे जाऊन सातवा पदार्थ मागावा लागतो, आणि आचारी कसा आहे ते तुला माहीत आहे.

बाबा बरे आहेत. गुडघा सोडला तर बरे आहेत. त्यांना तुझी चिठ्ठी दाखवलेली नाही. साधा फोन कर ना गं. फोनवर काहीही उघडावं लागत नाही.

ताई


२४ ऑक्टोबर

चिंग,

तुझं उत्तर याऊने आज आणून दिलं. ‘ताई, तू घाबरतेस. त्यांनी ओळखली तर मी परत येईन, आणि मग टेबलाची राणी कोण, हीच तुझी भीती.’

राणी! बाई गं.

राणीचा पहिला गुरुवार कसा असतो ते ऐक. दुपारी चारला मी फुंग हिंग हॉटेलच्या मागच्या दाराने आत जाते. आठवडाभर लोकांनी आणून दिलेल्या बाटल्या तिथल्या थंड कपाटात असतात. एकेक उघडायची, वास घ्यायचा, बूच तुटलं तर गाळायची, फॉइल गुंडाळायची, वर आकडा लिहायचा. मग ग्लास. माणशी सहा म्हणजे किती होतात ते तुला पाठ असेल, तूही पुसलेयत. सातला मंडळी येतात. मी ओतते. सगळे बसलेले असतात आणि मी उभी असते. आजवर त्या टेबलावरचं कबूतर मी गरम खाल्लेलं नाही. साडेदहाला ग्लास धुते, पोटरीत गोळे येतात, घरी जाते. घरी बाबा विचारतात, ‘पून काय म्हणाला? खूश होता ना?’

त्सुई आठवतो? शाळेत भूगोल शिकवायचा तो, माझ्याबरोबर डोंगरावर फिरायला यायचा. तो दोन वर्षांपूर्वी समुद्रापलीकडे, तैनानला गेला. जाताना म्हणाला, तूही चल. मी म्हटलं, पुढचा पहिला गुरुवार उरकू दे, मग बघू. पहिला गुरुवार दर महिन्याला येतो गं. त्याने आणखी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं. आता तो सणावाराला फक्त चित्र पाठवतो.

का जात नाही, ते तुला सांगता येत नाही. आईच्या फोटोपुढे उभं करून बाबांनी माझ्याकडून शब्द घेतलाय, आणि त्यात तुझं नाव घेऊन सांगितलंय, चिंगला कळता कामा नये. म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही. पण कुठंतरी लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल.

बाबांना वास येत नाही.

चार वर्षं झाली. हॉटेलच्या मागच्या ओल्या पायऱ्यांवरून ते पडले, डोक्याची मागची बाजू आपटली. तपासणीत सगळं ठीक. पंधरा दिवसांनी मी खारवलेला मासा तव्यावर ठेवून कपडे वाळत घालायला गेले आणि विसरले. धूर जिन्यापर्यंत. तळमजल्यावरची बाई शिव्या देत दार ठोठावायला आली, आणि बाबा तव्यापासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले! मी बघतच राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेपर घडी करून ठेवला. ‘मला कळलंय,’ म्हणाले. ‘पायऱ्यांवरनं पडलो त्या दिवसापासनं.’

चाळीस वर्षं फुंग हिंगमध्ये वाढप्यांचे मुख्य होते ते. बाहेरून बाटली आणली की इतर हॉटेलं बूच काढायचे पैसे लावतात. इथं लावत नाहीत, ते बाबांच्या, लोकांच्या सेतोसाहेबांच्या, नाकासाठी. सगळे आपापला अंदाज सांगतात, शेवटी बाबा बोलतात, मग मी फॉइल काढते. ते नाक गेलं तर त्या टेबलावर गुडघे दुखणारा एक म्हातारा तेवढा उरतो. हे त्यांचे शब्द, माझे नव्हेत.

तर आम्ही एक युक्ती काढली. बाटल्या मीच उघडते, म्हणजे आत काय ते मला ठाऊक असतं. बाबांची बोलायची वेळ आली की मी जाऊन त्यांच्या कपात चहा ओतते आणि किटली टेबलावर ठेवते. किटलीची तोटी दाराकडे असली तर बोर्दो. स्वयंपाकघराकडे असली तर बरगंडी. खिडकीकडे इटली, माशांच्या टाकीकडे स्पेन. झाकण तिरकं म्हणजे जुनी, नीट बसवलेलं म्हणजे नवी. बाबा दोन बोटांनी टेबलावर टकटक करतात. सगळ्यांना वाटतं, लेकीने चहा ओतला म्हणून म्हातारा आभार मानतोय. किती संस्कारी घर!

एक पंचाईत असते. तोटी कुणा माणसाकडे करायची नाही, पाहुण्याचा अपमान होतो. म्हणून पाहुण्यांना कुठं बसवायचं तेही मीच ठरवते. यिकबाई दर वेळी म्हणतात, मला खिडकीपाशी बसव ना गं. मी हसते आणि त्यांना खांबापाशी बसवते.

चार वर्षं मी त्यांचं नाक आहे. नाक कधी सुट्टी घेतं का?

आणि आता तुझी बाटली. बाबांना खूण केली तर ते ओळखतील, तू येशील, आणि तुला मी बोलावलेलं असेल, त्यांनी नव्हे. खूण केली नाही तर ते भलतंच काही बोलतील आणि तू कायमची जाशील. तुला खरं सांगितलं तर शब्द मोडला. तिन्हीकडून दार बंद. या टेबलापाशी उभी राहून राहून मला आता बसायचं कसं तेच आठवत नाही.

आणखी एक लिहून टाकते, नाहीतरी पाठवायचं नाहीच. सात वर्षांपूर्वी बाबा म्हणाले बरगंडी, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘नाही बाबा, ही स्पेनची आहे.’ फॉइल मीच गुंडाळली होती, चिंग. मला माहीत होतं तू बरोबर आहेस. तुझ्या पायावर पाय देऊन तुला गप्प करता आलं असतं. नाहीतर बाबांना आधी हळूच सांगता आलं असतं. मी उभ्या उभ्या बघत राहिले. मला बघायचं होतं काय होतं ते. तू नेहमी बरोबर असायचीस, आणि मी नेहमी ग्लास पुसायची. मग फॉइल निघाली, आणि बाबा म्हणाले, ‘जिला बापाची जीभ कमी वाटते तिनं बापाचं टेबल सोडावं.’ तू उठून गेलीस, आणि मी पुढच्या बाटलीचं बूच काढलं. तेव्हापासून तुझी खुर्ची तिथंच आहे. बारावी. लोक तिच्यावर पिशव्या ठेवतात.

(पाठवायचं नाही.)


३ नोव्हेंबर, सकाळी

चिंग,

ओळखली! पहिल्याच घोटाला ओळखली. बाबांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, ही माझ्या चिंगची आहे. मकावचा धक्का, संत्र्याची साल, सगळं बोलून दाखवलं. वकील पूनच्यासुद्धा डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बूच शाबूत होतं, वाइन उत्तम निघाली.

तेव्हा आता दिलेला शब्द पाळ आणि ये.

घाईत आहे. पोस्टाची पेटी दहाला उघडतात.

ताई


४ नोव्हेंबर

चिंग,

हे पत्र याऊ उद्याच्या विमानाने आणतोय, परवा तुझ्या हातात पडेल. काल मी पोस्टाने एक पाठवलंय, ते आठवड्याभराने येईल. ते आलं की फाडून टाक. वकील पूनच्या डोळ्यांत पाणी! त्याच्या डोळ्यांत कांदा चिरतानाही येत नसेल.

सोबत २४ ऑक्टोबरचं एक पत्र जोडलंय. ते आधी वाच, मग पुढे ये. मी थांबते.

वाचलंस? शिव्या देऊन झाल्या? तर ऐक, खरं काय झालं ते.

गुरुवारी चारला मी तुझी बाटली उघडली. बूच अर्ध्यात तुटलं, चहाच्या गाळणीने गाळून घेतलं. वास घेतला आणि तिथंच फरशीवर बसले. आईचा डबा, चिंग. झाकण उघडल्याबरोबर यायचा तो. तामकाका धावत आले, ‘काय गं, चक्कर आली? साखर आणू?’ मी म्हटलं, साखर नको, सातवा पदार्थ द्या. आचारी चिडला, पण कमळाच्या पानातला भात दिला त्याने.

तोपर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. सहा बाटल्या नेहमीसारख्या गेल्या. तोटी दाराकडे, स्वयंपाकघराकडे, पुन्हा दाराकडे. बाबा सहाच्या सहा बरोबर. पून म्हणाला, ‘सेतोसाहेब, तुमचं नाक विम्यात टाका हो!’ सगळे हसले, बाबाही हसले.

मग सातवी. आणली कुणी ते विचारलं तर याऊने हात वर करायचा, असं ठरलं होतं. पून म्हणाला, जुनी बोर्दो. यिकबाई म्हणाल्या, इटलीची असणार, हवी तर पैज लावा. एकेकाचं झालं आणि सगळे बाबांकडे वळले.

मी किटली घेऊन गेले. चहा ओतला. दार, स्वयंपाकघर, खिडकी, टाकी, कुठंच तुझी जागा नव्हती. मी किटली ठेवली आणि तोटी बाराव्या खुर्चीकडे केली. तिथं कुणी माणूस नव्हतं, अपमान कुणाचा होणार? यिकबाईंची पिशवी तेवढी होती.

बाबांनी किटलीकडे पाहिलं. मग खुर्चीकडे. मग माझ्याकडे. त्यांना कळलं, चिंग, मी शपथेवर सांगते, त्यांना त्याच क्षणी कळलं. मी त्यांच्या बोटांकडे बघत होते. आता टकटक करतील, आता करतील. त्यांनी ग्लास उचलला, नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग खाली ठेवला आणि म्हणाले,

‘मला कळत नाही.’

पून हसला. ‘साहेब, मस्करी करता काय!’

‘मस्करी नाही. चार वर्षं झाली, मला कशाचाच वास येत नाही. आजच्या सहा मला हिनं सांगितल्या. त्याआधीच्याही सगळ्या हिनंच.’ असं म्हणून त्यांनी किटलीवर टिचकी मारली. ‘हिच्यातनं.’

यिकबाईंच्या हातातून जेवणाच्या काड्या पडल्या. तामकाका दारात भाताचं ताट घेऊन आले ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, मी आता इथंच विरघळून गेले तर बरं. मी बाबांच्या कानाशी वाकून म्हटलं, ‘अहो, खूण केली होती ना मी. का नाही बोललात?’

हळू बोलायचं त्यांना कधी जमलंय? सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘बाकीच्या कुणाच्याही असोत, तू सांगितल्यास आणि मी बोललो. ही माझी मला ओळखायची होती. नाही आली ओळखता, तर नाही आली. तिच्या बाटलीवर मी खोटं बोलणार नाही.’

मग ते पूनकडे वळले. तू उठून गेलीस त्या दिवशीही पून होता, आठवतं? बरगंडी, बरगंडी म्हणून मान डोलावत होता. बाबा त्याला म्हणाले, ‘सात वर्षांपूर्वी माझी धाकटी याच टेबलावर बोलली ते बरोबर होतं. तेव्हा माझं नाक शाबूत होतं, तरीसुद्धा ती बरोबर होती. मला त्याच वेळी कळलं होतं. फॉइल निघायच्या आधी.’

पूनने चष्मा पुसला. बाबांनी यिकबाईंची पिशवी उचलून जमिनीवर ठेवली, बारावी खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, ‘बस.’

मी म्हटलं, अजून ओतायचंय.

‘ज्याची त्याला ओतता येते. हात आहेत सगळ्यांना. बस.’

मी बसले. भात गरम होता. चिंग, मला रडू आलं ते त्या भाताने आलं, तुझ्यासाठी नव्हे, उगाच फुशारून जाऊ नकोस. बाबांनी तुझ्या वाइनचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. ‘सांग, कसला वास येतोय?’ मी म्हटलं, संत्र्याच्या सालीचा. ‘डबा उघडल्याबरोबरचा, की जरा वेळानं येतो तो?’ मी म्हटलं, उघडल्याबरोबरचा. त्यांनी मान हलवली आणि एक घोट घेतला.

मग एवढं सगळं झाल्यावर मी तुला खोटं का लिहिलं? मी स्वतःलाच विचारतेय. तुझ्या चिठ्ठीत सरळ लिहिलं होतं, ओळखली तर येईन. त्यांनी ओळखली नाही. तू कागदावरची अट बघशील आणि येणार नाहीस, या भीतीने मी पुन्हा तोटी फिरवली. सवयच लागलीय हाताला.

आज सकाळी नाश्त्याला आम्ही कोपऱ्यावर गेलो होतो. पाव चहात बुडवता बुडवता बाबांनी विचारलं, ‘तिला कळवलंस?’

‘कळवलं.’

‘काय?’

मी पावाचा तुकडा मोडला. त्यांना कळायला नाक लागत नाही.

‘पुन्हा तू माझं नाक झालीस?’ म्हणाले. ‘कागद काढ.’ माझ्याकडे कागद नव्हता, तर मेनूकार्डाच्या मागे लिहायला लावलं. हे त्यांचे शब्द, मी एक अक्षर बदललेलं नाही: ‘चिंग, ओळखली नाही. नाक गेलंय. तू बरोबर होतीस, ते मला तेव्हाच माहीत होतं. बाकी ताई सांगेल.’ मी म्हटलं, आणखी काही? ‘ये’ असं तरी लिहू का? तर म्हणाले, मला तसं सांगायचा हक्क नाही, तुला असेल तर तू लिही.

मेनूकार्ड सोबत आहे. डाग चहाचा आहे.

परत येताना बाबा ट्रामथांब्यावर थांबले आणि म्हणाले, ‘तो भूगोलवाला अजून तैनानलाच आहे का?’ त्यांना हे कसं माहीत, देव जाणे. दुपारी मी त्सुईला फोन केला. डिसेंबरनंतर येते म्हटलंय. या वेळी खरंच डिसेंबरनंतर.

जेवणं बंद व्हायची नाहीत. मला वाटलं होतं होतील, पण काल पूनचा फोन आला. आधी ‘चार वर्षं आम्हाला बनवलंत’ म्हणून पाच मिनिटं बोलला, आणि मग विचारलं, डिसेंबरला बदक सांगायचं की कबूतर. यिकबाईंनी खिडकीपाशी जागा मागितली. आता फॉइल नाही. बाटल्या उघड्या ठेवायच्या, प्रत्येकाने आपली आपण ओतायची, आणि वास कसा आहे ते बाबांना सांगायचं. मी ग्लास पुसणार नाही असं तामकाकांना सांगितलंय. ते म्हणाले, ‘अगं, तू पुसायचीस म्हणून आम्ही काही म्हणत नव्हतो, आमच्याकडे यंत्र आहे.’ इतकी वर्षं, चिंग! यंत्र आहे म्हणे.

तुझी अट पुरी झालेली नाही. ये असं म्हणायला माझ्याजवळ कारण उरलेलं नाही, आणि खोटं बोलून मी थकलेय. एवढंच लिहिते: तुझ्याकडे दुसरी बाटली आहे, ती याऊबरोबर पाठवू नकोस. मी बाबांना वास सांगितला, पण माझं नाक साधं आहे, मला डबा तेवढा कळला. डब्याच्या आत काय काय होतं ते तुला कळायचं. ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

पहिला गुरुवार सात डिसेंबरला आहे. तुझ्या खुर्चीवर आता मी बसते, आणि ती मी सोडणार नाही, आधीच सांगून ठेवते. तामकाकांना तेरावी आणायला सांगितलीय.

ताई